फायाच्या बॅलेसंगीतातील लोकांश : शब्द आणि व्याकरण

एखाद्या अभिजात संगीतकृतीवर लोकसंगीताचा प्रभाव पडलेला आहे, असे विधान संगीताच्या इतिहासग्रंथांतून इतक्या वेळा केलेले आढळते की, त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याचे भान बहुधा राहत नाही. संगीतकाराने खेड्यातील एखादी चाल उचलली, तिला वाद्यवृंदाचा साज चढविला आणि ती रंगमंचावर आणली, एवढाच अर्थ पुष्कळदा अभिप्रेत असतो. मग समीक्षकाचे काम उरते ते मूळ चाल शोधून काढण्याचे. ती सापडली की प्रभाव सिद्ध झाला, न सापडली की संगीतकार स्वतंत्र ठरला.

भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार अपुरा वाटल्यावाचून राहत नाही. दोन भाषांचा संपर्क आला म्हणजे प्रथम शब्दांची देवघेव होते, आणि ती सहज डोळ्यांत भरते. परंतु संपर्क दीर्घकाळ टिकला, समाजातील पुष्कळ माणसे दोन्ही भाषा बोलू लागली, की हळूहळू उच्चारपद्धती, आघात, वाक्याची ठेवण यांवरही परिणाम होतो. असा परिणाम झालेल्या भाषेत कित्येकदा उसना शब्द एकही दाखविता येत नाही; तरीही बदल अधिक खोल झालेला असतो. संगीतातही शब्दांची उसनवारी आणि व्याकरणाची उसनवारी असा भेद करता येईल काय, आणि केल्यास काही हाती लागते काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी स्पॅनिश संगीतकार मानुएल दे फाया (१८७६–१९४६) याच्या दोन बॅलेकृती घेतल्या आहेत : ‘एल आमोर ब्रूखो’ आणि ‘एल सोंब्रेरो दे त्रेस पीकोस’. पहिलीचा अर्थ ढोबळपणे ‘जादूगार प्रेम’ आणि दुसरीचा ‘तीन टोकांची टोपी’. एकाच लेखणीतून अवघ्या चार-पाच वर्षांत उतरलेल्या या दोन कृतींनी लोकसंगीताशी जे नाते जोडले आहे, ते परस्परांहून अगदी निराळे आहे.

आरंभीच लिप्यंतराविषयी एक खुलासा करणे भाग आहे. स्पॅनिश ‘जे’ या अक्षराचा प्रमाण उच्चार कंठ्य घर्षक आहे, आणि तो देवनागरीत ‘ख’ने दाखविणे त्यातल्या त्यात बरे. आरागोन प्रांतातील सुप्रसिद्ध नृत्य मी ‘खोता’ असे लिहितो. ‘होता’ असे लिहिल्यास मराठी वाक्यात त्याचे काय होईल, हे सांगावयास नको. मात्र आंदालुसियात हेच अक्षर ‘ह’सारखे उच्चारतात, म्हणून ‘कांते होंदो’ येथे ‘ह’ ठेवला आहे. हे नाव स्वतःच एक बोलीरूप आहे. ‘खोल’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘फ’ने सुरू होत असे, कास्तीलमध्ये त्या ‘फ’चा प्रथम ‘ह’ झाला आणि मग तोही लोपला. आंदालुसियाच्या बोलीत ‘ह’ टिकला. ‘खोल गाणे’ हे नाव प्रमाण स्पॅनिशमध्ये ‘कांते ओंदो’ असे व्हावयास हवे होते. परंतु ज्यांचे गाणे त्यांचाच उच्चार नावात राहिला आणि लेखनातही स्थिरावला.

स्पेनमध्ये बॅले आणि लोकनृत्य यांचा संबंध फायापासून सुरू होत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेगिदियास या लोकनृत्यापासून बोलेरो निर्माण झाला, आणि त्यातून ‘एस्कुएला बोलेरा’ ही पाश्चात्त्य बॅलेचे पदन्यास व स्पॅनिश करताल यांचे मिश्रण असलेली परंपरा घडली. १८३६ मध्ये फानी एल्सलर या नर्तकीने पॅरिसच्या रंगमंचावर ‘काचूचा’ नाचून दाखविला आणि सर्व युरोपला त्याचे वेड लागले. मारियुस पेतिपा १८४० नंतरच्या दशकात माद्रिदला नर्तक होता. त्याचे ‘दोन किखोते’ हे बॅले १८६९ मध्ये मॉस्कोत झाले, त्याचे संगीत मिंकुसचे. ग्लिंका स्पेनमध्ये दोन वर्षे हिंडला आणि त्याने खोतावर वाद्यवृंदरचना केली. रिम्स्की-कोर्साकोव्हने आपल्या १८८७ च्या ‘काप्रिचो’साठी खोसे इन्सेंगाच्या छापील संग्रहातून चाली घेतल्या. ही सर्व उसनवारी शब्दांची होय, आणि तीही बहुतांशी परक्यांनी केलेली. चाल स्पॅनिश, तिच्याखालचे स्वरमेळ व्हिएन्नाचे किंवा पीटर्सबर्गचे, असा हा थाट. तो कानाला गोड लागतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

या पद्धतीवर पहिला शास्त्रशुद्ध आक्षेप घेतला तो फायाचे गुरू फेलीपे पेद्रेल (१८४१–१९२२) यांनी. १८९१ च्या ‘आपल्या संगीतासाठी’ या निबंधात त्यांनी राष्ट्रीय संगीताचा पाया लोकगीतात शोधावा असा आग्रह धरला. पण लोकगीत हे सजावटीचे सामान नसून त्याच्या घडणीतून नवे संगीत उगवले पाहिजे, ही त्यांची मुख्य सूचना होती. फायाने ती पचविली. पण त्याला दिशा सापडली ती पॅरिसमध्ये. १९०७ ते १९१४ ही सात वर्षे तो तेथे होता, आणि तेथे त्याने द्युब्यूसीची ‘ग्रानादातील सायंकाळ’ ही १९०३ सालची पियानोरचना अभ्यासिली. द्युब्यूसीने स्पेन जवळजवळ पाहिलेला नव्हता. सान सेबास्तियानला काढलेले काही तास एवढाच त्याचा अनुभव. तरी त्या रचनेत एकही स्पॅनिश चाल जशीच्या तशी न घेता आंदालुसिया उभा राहतो, याचे फायाला नवल वाटले, आणि १९२० मध्ये द्युब्यूसीवर लिहिलेल्या लेखात त्याने ते नोंदविले. तत्पूर्वी, १९१७ मध्ये, त्याने आपली भूमिका अशी मांडली होती की लोकगीतात अक्षरापेक्षा आत्मा महत्त्वाचा. लय, स्वरक्रम आणि स्वरांतरे हे त्याचे सार होय. येथे ‘आत्मा’ हा शब्द फसवा आहे. त्याच्या पुढे जी तीन नावे येतात ती काही गूढ नव्हेत. ती मोजता येतात, लिहिता येतात. ज्याला तो आत्मा म्हणतो त्याला आम्ही व्याकरण म्हणू.

काळाने नंतरची असली तरी प्रथम ‘टोपी’कडे वळू, कारण शब्दांची उसनवारी तीत उघड आहे. पेद्रो आंतोनियो दे आलार्कोन याच्या १८७४ च्या लघुकादंबरीवर ही कृती आधारलेली आहे. ७ एप्रिल १९१७ रोजी ती माद्रिदच्या एस्लावा नाट्यगृहात मूकनाट्य म्हणून झाली; पुढे सेर्गेई दियागिलेव्हच्या रशियन बॅलेसाठी विस्तारून २२ जुलै १९१९ रोजी लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात सादर झाली. नृत्यरचना लेओनिद मासीनची, पडदे व वेषभूषा पिकासोची, वाद्यवृंदाचे संचालन एर्नेस्त आन्सेर्मेचे, आणि दळवाल्याच्या बायकोच्या भूमिकेत तामारा कार्साव्हिना. (पिठाची चक्की चालविणाऱ्यास ‘दळवाला’ म्हटले आहे, ही चक्की पाण्यावर चालणारी.) पिकासोचा पडदा प्रेक्षकांना निवांत पाहता यावा म्हणून फायाने आरंभी नगारे, तुताऱ्या, करताल आणि ‘ओले’चा गजर असलेला एक तुकडा मागाहून जोडला. प्रयोगाच्या दिवशी मात्र तो लंडनमध्ये नव्हता. आईच्या आजाराची तार आल्यामुळे तो निघाला, आणि त्याच दिवशी तिचा अंत झाला.

कथा साधी आहे. दळवाल्याच्या देखण्या बायकोवर गावच्या म्हाताऱ्या दंडाधिकाऱ्याची, कोरेखिदोरची, नजर आहे. तो नवऱ्याला पकडून नेववितो, आणि शेवटी स्वतःच फजीत होतो. तीन टोकांची टोपी ही त्याच्या अधिकाराची खूण. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट निराळीच आहे. आलार्कोनच्या कथेत दळवाला मूर्सियाचा आहे, बायको नावाराची, आणि चक्की आंदालुसियात. फायाने हे तपशील सोडले नाहीत. दळवाल्याच्या सुरावटीत ‘मूरी कापड’ या मूर्सियाकडील गीताचा धागा आहे. तेच गीत त्याने १९१४ च्या ‘सात स्पॅनिश लोकगीतां’त इन्सेंगाच्या मूर्सिया-संग्रहातून घेतले होते. बायकोचे माहेर दाखवावयाचे तेथे खोता डोकावतो, कारण खोता आरागोनप्रमाणे नावाराचाही. शेजारीपाजारी सेंट जॉनच्या रात्री जमतात ते सेगिदियास नाचतात. म्हणजे प्रत्येक पात्र आपापल्या बोलीत ‘बोलते’. रंगमंचावर एक शब्दही उच्चारला जात नाही, आणि तरीही कोण कोठला हे कानाला कळते; निदान स्पॅनिश कानाला तरी कळते. लंडनच्या प्रेक्षकाला हे सर्व एकसारखेच ‘स्पॅनिश’ वाटले असणार.

कोरेखिदोरची मात्र कोणतीच बोली नाही. त्याच्या वाट्याला येतो तो बासून या वाद्याचा खरखरीत सूर आणि दरबारी मिन्युएटची चाल. म्हणजे परदेशातून आलेली, कोणत्याही प्रांताची नसलेली, अधिकाऱ्यांची भाषा. त्याचे शिपाई दारावर थाप मारतात तेव्हा बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे चार स्वर वाजतात. हा विनोद उघड आहे, पण तो योजनेत नेमका बसतो : सत्ता दार ठोठावते ती जर्मन अभिजात संगीतातून. प्रमाणभाषा आणि बोली यांच्यातील सामाजिक संबंध इतक्या थोडक्यात दाखविणारे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

या बोलींचे छंदही लक्षात घेण्याजोगे आहेत, कारण स्पेनमध्ये नृत्याचे नाव आणि पद्यरचनेचे नाव पुष्कळदा एकच असते. सेगिदिया ही सात आणि पाच अक्षरांच्या चरणांची आलटून पालटून येणारी रचना, आणि सेगिदियास हे तिच्यावर नाचावयाचे तीन मात्रांचे नृत्य. खोता आणि फांदांगो यांत अष्टाक्षरी चार चरणांचे कडवे असते; पण गाताना चरणांची पुनरावृत्ती करून फांदांगोत त्यांचे सहा आणि खोतात सात सांगीतिक खंड केले जातात. दळवाल्याच्या बायकोच्या फांदांगोत आणखी एक खेळ आहे. सहा मात्रा कधी तीन-तीन अशा, तर कधी दोन-दोन-दोन अशा तोडल्या जातात. मात्रा तेवढ्याच, आघात निराळे. आमच्या विद्यार्थ्यांनी हा भाग बोटांवर मोजत ऐकावा. लय बदलली असे वाटते आणि बदललेली नसते.

आता ‘एल आमोर ब्रूखो’. १५ एप्रिल १९१५ रोजी माद्रिदच्या लारा नाट्यगृहात ही कृती प्रथम झाली ती बॅले म्हणून नव्हे, तर ‘खितानेरिया’, म्हणजे जिप्सी जीवनावरील गाणी, संवाद व नृत्ये यांचा खेळ म्हणून. वाद्यमेळ लहान होता. पास्तोरा इंपेरियो या विख्यात नर्तकीसाठी ती लिहिली होती, आणि पास्तोराची आई, ‘ला मेखोराना’ या नावाने ओळखली जाणारी जुन्या पिढीतील कलावंत, हिने फायाला गाणी ऐकविली व कथा सांगितल्या. मूळ रूपात सोडून गेलेल्या प्रियकराला परत मिळविण्यासाठी चेटकिणीच्या गुहेत जाणाऱ्या स्त्रीची कथा होती. मृत प्रियकराच्या पिशाच्चाचे कथानक नंतर आले. संवाद काढून, वाद्यवृंद मोठा करून केलेले एकांकी बॅले १९२५ मध्ये पॅरिसला ला आर्खेंतिनाने सादर केले. आज जगभर वाजते ते ‘अग्निनृत्य’ आरंभी ‘दिवसाच्या अखेरीचे नृत्य’ या नावाचे होते. नाव बदलल्यावर त्यात मंत्रतंत्राचा धूर अधिक दाट झाला, एवढेच.

या कृतीत इन्सेंगाच्या किंवा अन्य कोणाच्या संग्रहातून उचललेली चाल दाखविता येत नाही. सुरावटी फायाच्या स्वतःच्याच मानल्या जातात. तरीही ‘टोपी’पेक्षा हीच कृती आंदालुसियाच्या मातीला जवळची आहे, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही. हे कसे? उत्तर त्या तीन गोष्टींत आहे : स्वरक्रम, स्वरांतरे, लय.

आंदालुसियाच्या गाण्याचा स्वरक्रम आपल्याला परका नाही. पाश्चात्त्य परिभाषेत ज्याला फ्रिजियन म्हणतात तो षड्जापासून लिहिला असता कोमल ऋषभ, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद, म्हणजे भैरवी थाटाचे स्वर होतात. वाक्याचा शेवट मध्यमावरून कोमल गंधार, कोमल ऋषभ असा उतरत षड्जावर येतो. या उतरणीला ‘आंदालुसियन’ असे नावच पडले आहे. पण तेथे पोचल्यावर गिटारवर जो स्वरमेळ वाजतो त्यात गंधार शुद्ध असतो. दोन्ही गंधार अशा रीतीने एकाच गाण्यात नांदतात. शुद्ध गंधार प्रधान झाला की स्वर वसंतमुखारीचे होतात. ही तुलना केवळ स्वर ओळखण्याच्या सोयीसाठी केली आहे. भैरवीचे चलन आणि कांते होंदोचे चलन यांत पुष्कळ अंतर आहे, आणि स्वर सारखे म्हणून राग सारखा असे आपल्या संगीतातही कोणी म्हणत नाही.

फायाने स्वरक्रम घेतला तेव्हा त्याच्यासोबत त्याची वाक्यरचनाही घेतली. जर्मन परंपरेतील वाक्य पाचव्या स्वरावरील मेळाकडून षड्जाकडे परतते. सर्व ओढ तेथून निर्माण होते. फायाच्या वाक्यात ती ओढ वरून, कोमल ऋषभाकडून, येते. ‘अग्निनृत्या’त ओबो या सुषिर वाद्याची सुरावट अगदी थोड्या स्वरांत फिरते, एकाच स्वराभोवती घुटमळते, त्याला वरून व खालून स्पर्श करते. नेमके हेच वर्णन त्याने १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तिकेत कांते होंदोच्या गाण्याचे केले आहे : सुरावट सहसा सहा स्वरांच्या बाहेर जात नाही, एकच स्वर हट्टाने पुन्हा पुन्हा येतो, आणि अर्ध्या स्वराहून लहान अंतरे वापरली जातात. हे शेवटचे लक्षण वाद्यवृंदाला अवघड. पियानोला श्रुती नाहीत. त्यावर फायाचा उपाय असा की दोन शेजारचे स्वर एकदम, क्षणभर, एकमेकांवर आदळावेत. कानाला त्यांच्या मधला कोठला तरी स्वर ऐकल्याचा भास होतो. हे भाषांतर आहे, आणि भाषांतरकाराला माहीत असते की येथे मूळ शब्द चालणार नाही.

गिटारच्या बाबतीतही तेच. त्याचे कित्येक स्वरमेळ मोकळ्या तारांच्या जुळणीतून निघालेले आहेत. ‘टोपी’तील दळवाल्याच्या नृत्यात हॉर्नच्या आवाहनाला इंग्लिश हॉर्न उत्तर देतो आणि मग तंतुवाद्ये जोरकस स्वरमेळ ठोकू लागतात, तेव्हा वाद्यवृंदात गिटार नसतानाही पंज्याने तारा झंकारल्याचा आभास होतो. म्हणजे ‘टोपी’त शब्द आहेत आणि ‘ब्रूखो’त व्याकरण, असा माझा भेद सर्वस्वी काटेकोर नाही, तो प्राधान्याचा भेद आहे. ‘ब्रूखो’तील मूकनाट्याचा प्रसिद्ध भाग सात मात्रांचा आहे, आणि सात मात्रांचे आवर्तन फ्लामेंकोच्या प्रचलित तालांत बसत नाही, तेथे बाराचे प्राबल्य, आघात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. एकदा व्याकरण अंगी मुरले की बोलणारा पूर्वी कोणी न उच्चारलेले वाक्यही उच्चारू शकतो, आणि ते त्या भाषेतलेच वाटते. हे सात मात्रांचे वाक्य तसे आहे.

‘ब्रूखो’तील गाण्यांच्या शब्दांकडे संगीताचे अभ्यासक सहसा पाहत नाहीत. ती आंदालुसियाच्या बोलीत आहेत, आणि बोलीची चिन्हे लेखनातच दाखविलेली आहेत : ‘एल’ या उपपदाचे ‘एर’ होते, स्वरांमधला ‘द’ गळतो. ही गाणी दीर्घकाळ ग्रेगोरियो मार्तीनेस सिएरा याच्या नावावर छापली गेली. आज सर्वमान्य झाले आहे की ती त्याची पत्नी मारिया लेखारागा (१८७४–१९७४) हिने लिहिली. ही सर्व नाटके आपण पत्नीच्या सहकार्याने लिहिल्याचे पतीने १९३० मध्ये लेखी मान्य केले होते, आणि मारियाने १९५३ च्या आठवणींत त्याविषयी लिहिले. ती आंदालुसियाची नव्हती. तिचा जन्म रियोखातील सान मियान दे ला कोगोया या गावचा, जेथील मठाच्या हस्तलिखिताच्या समासांतील टिपा स्पॅनिशच्या आद्य लिखित नमुन्यांत गणल्या जातात आणि प्रत्येक भाषाशास्त्र्याला ठाऊक असतात. म्हणजे ही बोली ऐकून साधलेली, साहित्यिक बोली आहे. ठळक चिन्हे तेवढी घेतलेली, बारीक बाबतींत सैल. संगीतात नवरा म्हणविणाऱ्याचे नाव आणि बोलीत मजकूर बायकोचा, हा योग विचार करण्याजोगा आहे.

येथवर आलो की आपल्याकडील वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. जिप्सी भारतातून गेले. मग हे गाणेही भारतातून गेले काय? फायाने स्वतः पुस्तिकेत तीन ऐतिहासिक घटकांचा निर्देश केला आहे : स्पॅनिश चर्चने स्वीकारलेले बायझंटाईन गायन, इ. स. ७११ नंतरची अरब सत्ता, आणि जिप्सींचे आगमन. भारतीय गाण्याशी असलेल्या साम्याचाही त्याने उल्लेख केला आहे. आपल्या नियतकालिकांतून या विधानाला बरीच हौसेने प्रसिद्धी मिळते.

भाषेचा पुरावा निर्विवाद आहे. रोमानी ही इंडो-आर्यन भाषा होय. राल्फ टर्नरने १९२६ मध्ये ध्वनिनियमांच्या आधारे दाखविले की ती मुळात मध्यवर्ती गटातील असून तिचे बोलणारे पुढे वायव्येकडे बराच काळ राहिले. स्पेनमध्ये तिचे आज ‘कालो’ हे रूप उरले आहे. शब्द रोमानी, पण त्यांना प्रत्यय स्पॅनिश, अशी त्याची अवस्था. स्वतः ‘कालो’ म्हणजे काळा. ‘पान्यी’ म्हणजे पाणी, ‘मानू’ म्हणजे माणूस, ‘दुई’ दोन, ‘त्रिन’ तीन. ‘खामार’ म्हणजे खाणे. आणि ‘कामेलार’, प्रेम करणे, यात संस्कृत ‘काम’ स्पष्ट ऐकू येतो. हे शेवटचे दोन शब्द आता सर्वसामान्य स्पॅनिश बोलण्यातही रुळले आहेत. मराठी माणसाला यांतील कोशाची गरज पडू नये.

पण कालोची हीच अवस्था सावध करणारी आहे. ज्या भाषेचे व्याकरण सर्वस्वी स्पॅनिश झाले आणि शब्द तेवढे उरले, तिच्या बोलणाऱ्यांनी संगीताचे व्याकरण मात्र हजार वर्षे अबाधित राखले, असे मानण्यास काय आधार आहे? रोमा लोक स्पेनमध्ये पोचल्याची पहिली नोंद १४२५ ची. फ्लामेंकोचे पुरावे अठराव्या शतकाच्या अखेरीपलीकडे जात नाहीत. हंगेरीतील, रुमानियातील, रशियातील रोमा जे गातात-वाजवितात त्याचा फ्लामेंकोशी फारसा मेळ नाही. ते त्या त्या देशाच्या संगीताशी जुळते. फ्लामेंको आंदालुसियातच झाला, अन्यत्र कोठेही नाही. तेव्हा तो जिप्सींनी आणलेला नव्हे, तर जिप्सींनी व इतरांनी तेथे घडविलेला, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल. १४९९ पासून त्यांच्याविरुद्ध निघालेली फर्माने, १७४९ मध्ये सर्व जिप्सींची झालेली धरपकड, या गोष्टी सोसून ज्यांनी ही कला उभी केली त्यांचे कर्तृत्व भारताच्या खात्यावर जमा करणे हे मला न्यायाचे वाटत नाही.

‘लोक’ या कल्पनेविषयीही असेच काही म्हणावे लागेल. १३ आणि १४ जून १९२२ रोजी ग्रानादाच्या अल्हाम्ब्रात फाया, तरुण कवी फेदेरीको गार्सिया लोर्का आणि त्यांचे मित्र यांनी कांते होंदोची स्पर्धा भरविली. गाणे बाजारू होत आहे, ते वाचवावे, हा हेतू. व्यावसायिक गायकांना मज्जाव होता. बक्षिसे मिळाली त्यांत दिएगो बेर्मूदेस ‘एल तेनासास’ हा वृद्ध गायक होता आणि मानोलो काराकोल हा लहान मुलगा. तो पुढे नामवंत व्यावसायिक झाला. हेतूविषयी शंका नाही, पण गृहीतक चुकीचे होते. फ्लामेंको घडला तो एकोणिसाव्या शतकातील गायन-कॅफेंमधून, सिल्वेरियो फ्रान्कोनेत्तीसारख्या पोटासाठी गाणाऱ्यांच्या हातून. आणि स्वतः फाया ते व्याकरण शिकला कोणाकडून? ला मेखोरानाकडून आणि पास्तोराकडून, दोघीही रंगमंचावरच्या. अनामिक, निष्पाप, खेडवळ ‘लोक’ या कृतीच्या आसपासही दिसत नाहीत. दिसतात ती नावे असलेली माणसे.

त्यांतील एक नाव फेलिक्स फेर्नांदेस. दियागिलेव्हने या तरुण आंदालुसियन नर्तकाला हेरले आणि मासीनला शिकविण्यासाठी आपल्या दलात घेतले. १९१७ मध्ये दियागिलेव्ह, मासीन, फाया आणि फेलिक्स स्पेनभर हिंडले. ग्रानादात एका आंधळ्या वादकाची चाल फायाने ऐकता ऐकता टिपून घेतली व ती बॅलेत घातली, असे मासीन सांगतो. फारूका, म्हणजे दळवाल्याचे नृत्य, १९१७ च्या मूकनाट्यात नव्हते. ते लंडनच्या प्रयोगासाठी लिहिले गेले, आणि मासीनने त्यात जे पाय वाजविले ते फेलिक्सचे शिक्षण होते. फेलिक्सला वाटे की ती भूमिका आपली. पण त्याचे नृत्य प्रत्येक वेळी नव्याने घडणारे. बॅलेत एकच चरण रोज त्याच मात्रेवर पडावा लागतो. त्याला मेट्रोनोम देण्यात आला, आणि तो त्याच्या ठोक्यावर चालण्याचा सराव करी, असे दलातील मंडळींच्या आठवणींत येते. बारा मात्रांचे आवर्तन ज्याच्या अंगात होते त्याला ठोका बाहेरून शिकविण्याचा हा प्रकार. १९१९ च्या वसंतात, प्रयोगापूर्वी, तो एका रात्री लंडनच्या सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये नाचताना आढळला. त्याला एप्सम येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १९४१ मध्ये तो तेथेच वारला.

फेलिक्सच्या वेड्याचा दोष कोणा एकाच्या माथी मारण्याइतका पुरावा नाही, आणि तसे करणे या लेखाचे प्रयोजनही नव्हे. परंतु संगीतलिपीत उतरलेली फारूका आणि फेलिक्स नाचत असेल ती फारूका, यांतील अंतर अभ्यासण्याजोगे आहे. लेखी संहितेत आघात आणि मात्रा आहेत, मागेपुढे सरणारी लय नाही. बोलीच्या लिप्यंतरात ‘एर’ येतो, सूर येत नाही, तसेच हे. १९१५ च्या खितानेरियाचे मूळ रूप आता पुन्हा संपादित होऊन ध्वनिमुद्रितही झाले आहे, आणि त्यात फ्लामेंको गळ्याच्या गायिका गातात. १९२५ चे बॅलेरूप बहुधा ऑपेराचा गळा असलेल्या गायिका गातात. ही दोन मुद्रणे शेजारी ठेवून, तेच गाणे, तेच शब्द, पण स्वर लावण्याची व अक्षर सोडण्याची रीत कोठे कोठे बदलते, याची नोंद एखाद्या विद्यार्थ्याने ध्वनिशास्त्राच्या साधनांनी केल्यास त्यातून निबंधाचा विषय सहज निघेल. प्रथम त्या ‘एर’पासूनच सुरुवात करावी.